ऐंशीवा रकाना

तुम्ही जिवंत आहात, याचा काय पुरावा आहे तुमच्याकडे? छातीवर हात ठेवून ठोके मोजू नका, ठोके खिडकीत चालत नाहीत. आरशात बघू नका. कागद आहे का, ते सांगा. आणि तो कागद ज्या मशिनवरून निघाला, त्या मशिनने तुम्हाला मेलेलं ठरवलं, तर कुठल्या खिडकीत जाऊन भांडाल?

सिंधू डोंगरदिवे भांडायला गेली भोपाळच्या शाहपुऱ्यात. दोन हजार चौदाचा फेब्रुवारी. तळ्याच्या बाजूला एका कपड्याच्या दुकानावर दोन खोल्या होत्या, तिथे बंद पडलेल्या ‘नर्मदा स्विचगिअर’ या सरकारी कारखान्याचा निवृत्त कर्मचारी कक्ष चालायचा. कारखाना गेला, मंडीदीपच्या रस्त्यावरची टाउनशिप गेली, क्वार्टरं पाडली. उरली ही एक खिडकी. सिंधूच्या हृदयाची एक झडप निकामी झाली होती. डॉक्टरांनी वीस मार्च ही ऑपरेशनची तारीख दिली होती आणि सांगितलं होतं, की कंपनीचं नवं मेडिकल कार्ड आणा, त्याशिवाय भरती करून घेता येणार नाही. जुनी हाताने लिहिलेली पुस्तिका रद्द झाली होती. नवं कार्ड प्लास्टिकचं, आणि ते नव्या सिस्टिममधून निघायचं.

खिडकीतल्या पोराने टोकन नंबर, म्हणजे कारखान्यातल्या बिल्ल्यावरचा नंबर, विचारला. सिंधूने सांगितला, तेवीसशे सोळा. त्याने बटणं दाबली, स्क्रीनकडे पाहिलं, सिंधूकडे पाहिलं आणि शक्य तेवढ्या अदबीने म्हणाला, “माताजी, सिस्टम में तो आप गुज़र चुकी हैं.”

सिंधू सहसा बोलणारी बाई नाही. तिने फक्त विचारलं, कधी? त्याने तारीखही वाचून दाखवली. अकरा ऑगस्ट चौऱ्याऐंशी. ती तारीख सिंधूला पाठ होती. त्या दिवशी तिचा नवरा गोपीनाथ गेला होता.

तिच्यासोबत वैजयंती पिंपळापुरे गेली होती. सोनागिरीत दोघींच्या खोल्या एकाच गल्लीत. वैजयंती गप्प बसणारी बाई नव्हे. तिने खिडकीच्या जाळीत नाक घातलं आणि आत बसलेल्या अधिकाऱ्याला सरळ हाक मारली. अधिकारी निघाले गजानन बोकारे, नागपूरचे, म्हणजे मराठीतून भांडायची सोय झाली. बोकारे वाईट माणूस नव्हते. नियमाचे होते, आणि तो प्रकार कधीकधी जास्त त्रास देतो. त्यांनी शांतपणे सांगितलं, की तेवीसशे सोळावर गोपीनाथ डोंगरदिवे, पुरुष, भरती एकाहत्तर, मृत चौऱ्याऐंशी, एवढीच नोंद आहे. तुमचं नेमणूकपत्र आणा. सिंधूने ते अस्सल पत्र दोन हजार दोनमध्ये स्वेच्छानिवृत्तीच्या फाईलला जोडलं होतं. ती फाईल कुठंय? कारखान्याच्या जुन्या फायली लगद्याला गेल्या. मग तुम्हीच हरवलेला कागद तुम्हीच मागता का, असं वैजयंतीने विचारलं. बोकारे म्हणाले, कागद नसेल तर रेकॉर्ड आणा.

“रेकॉर्ड?” वैजयंतीने पदर खोचला. “रेकॉर्ड माझ्या घरी आहे, साहेब. सोमवारी आणते.”

ही थाप नव्हती. ती का नव्हती ते सांगायला मागे जावं लागेल.

वैजयंती वर्ध्याची. लग्न करून भोपाळला आली एकोणऐंशी साली. नवरा भालचंद्र वाइंडिंग शॉपमध्ये फिटर. टाउनशिपमध्ये मराठी मंडळाचा गणपती, शनिवारी ओपन-एअर थिएटर, कारखान्याच्या भोंग्यावर सगळ्यांच्या घरचे कुकर. सात वर्षांत भालचंद्र काविळीने गेला. अनुकंपेवर तिला नोकरी मिळाली, आणि त्या कारखान्याची एक रीत होती: अनुकंपेवर आलेल्या माणसाला गेलेल्या माणसाचंच टोकन द्यायचं. पितळी बिल्ला तोच, नंबर तोच. वरिष्ठांना त्यात माया वाटायची, म्हणे घरचा नंबर घरातच राहतो. भालचंद्रचा अठराशे चौऱ्याहत्तर वैजयंतीच्या गळ्यात पडला. गोपीनाथचा तेवीसशे सोळा सिंधूला मिळाला, ती स्टोअरमध्ये लागली. बापाचा मुलाला, नवऱ्याचा बायकोला. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. वैजयंती तर पहिले सहा महिने तो बिल्ला चिंचेने घासून लख्ख ठेवायची.

तिला टाकलं कॉम्प्युटर सेक्शनमध्ये. एसी खोली, बाहेर चपला काढायच्या, आत चार बाया दिवसभर कीबोर्ड बडवायच्या. बारावी पास बाई तिथे काय करणार, असं काहींना वाटत होतं. वर्षभरात तिचा वेग सेक्शनमध्ये पहिला होता आणि तोंडाचाही. सेक्शनचे प्रमुख विश्वनाथ कर्णिक साहेब म्हणायचे, की ही बाई मशिनला घाबरत नाही, मशिन हिला घाबरतं.

शहाण्णवमध्ये जुनं मशिन भंगारात निघालं. नवी मशिनं आली, डेटा त्यावर ‘घेतला’ असं सांगितलं गेलं, आणि फ्लॉप्यांची पेटी जाळायला काढली. दोनशे बारा फ्लॉप्या, वितभर रुंदीच्या, काळ्या, पापडासारख्या वाकणाऱ्या. वैजयंतीने त्या मागितल्या. कर्णिक साहेबांनी विचारलं, तुझ्या घरी मशिन आहे का? नव्हतं. मग काय करणार? नऊ वर्षं हाताने भरलेलं जाळायचं, हे पचनी पडेना, एवढंच. साहेबांनी रीतसर गेटपास केला: ‘निकामी फ्लॉपी, नग २१२, श्रीमती पिंपळापुरे यांस देण्यास हरकत नाही.’ सही, शिक्का, तारीख. जाताना रेकॉर्डच्या रचनेचं टाइप केलेलं मॅन्युअलही दिलं. गेटवरच्या शिपायाने पेटी तीनदा उघडून पाहिली आणि बाईचं डोकं फिरलंय असा निष्कर्ष काढून सोडली.

कारखाना दोन हजार दोनमध्ये बंद झाला. चव्वेचाळिसाव्या वर्षी निवृत्त झालेली बाई काय करते? शेजारणी पापड-लोणच्याचं बोलत होत्या. वैजयंती एका इंजिनिअरिंग कॉलेजात रविवारी भरणाऱ्या, लिनक्स ही खुली संगणकप्रणाली वापरणाऱ्यांच्या बैठकीत जाऊन बसली. फुकट शिकवतात असं पेपरात वाचलं होतं. चाळीस पोरं आणि एक नऊवारीतली नसली तरी पाचवारीतली काकू. पहिल्या दिवशी एकाने विचारलं, आंटी, बेटे को लेने आई हैं? तिने त्याला सांगितलं, की बाळा, तू शाळेत जायच्या आधीपासून मी डेटा भरत होते, सरक तिकडे. तिथे प्राध्यापक रजनी मॅडमने तिला जवळ केलं. लिनक्स शिकवलं, प्रोग्राम लिहायची पायथन भाषा शिकवली, आणि मुख्य म्हणजे ‘पेटारा’शी गाठ घालून दिली.

पेटारा हे जुनी डिजिटल कागदपत्रं जतन करणारं सॉफ्टवेअर. ते कुणा कंपनीचं नाही. देशोदेशीचे लोक फुकट लिहितात, कुणीही उघडून आतला कोड वाचावा, सुधारावा. त्याचे दोन नियम वैजयंतीने वहीच्या पहिल्या पानावर उतरवले. एक, अस्सल चकती जशी आहे तशी उचलायची, तिच्यावरच्या ओरखड्यासकट. त्या अस्सल नकलेला हात लावायचा नाही, काय नीटनेटकं करायचं ते दुसऱ्या प्रतीवर. दोन, उचलली की लगेच तिचा अंगठा घ्यायचा. म्हणजे पेटारा त्या फाईलवरून एक लांबलचक आकडा काढतो. आतलं एक अक्षर बदललं तरी तो आकडा पार बदलतो. ते अंगठे तारखेसकट पेटाऱ्याच्या सार्वजनिक यादीत चढतात. जगात कुणीही ते पाहू शकतं आणि कुणालाही ते मागे जाऊन खोडता येत नाहीत.

फ्लॉपी वाचणारा ड्राइव्ह तिला कबाडखान्यात, म्हणजे भंगारबाजारात, मिळाला, तिसऱ्या खेपेला, एका तुटक्या कुलरखाली. तेरा पावसाळ्यांत फ्लॉप्यांना बुरशी आली होती. एकेक पाकीट कापून आतली चकती काढायची, कापसाने पुसायची, पंख्याखाली वाळवायची, नव्या पाकिटात घालायची, जुनं लेबल सोडवून त्यावर चिकटवायचं आणि ड्राइव्हला लावायची. काही पहिल्या फटक्यात वाचल्या जात, काही अकराव्या. दोन हजार नऊच्या दिवाळीपर्यंत दोनशे नऊ फ्लॉप्या उचलून झाल्या, उरलेल्या तिन्हींनी दगा दिला. मग मॅन्युअल समोर ठेवून तिने स्वतः प्रोग्राम लिहिला. त्याने त्या जुन्या ओळी सरळ नाव, जन्मतारीख, भरती अशा वाचता येणाऱ्या यादीत आणल्या. रजनी मॅडमने कॉलेजात तिचं भाषण ठेवलं. पेटाऱ्याच्या कार्यकर्त्यांत तिचं नाव लागलं. ज्या बाईला कारखान्याने वितभर बढती दिली नाही, तिला ब्राझीलहून लोक पत्र लिहून विचारू लागले, की बुरशी कशाने पुसता?

तर असा दम होता ‘सोमवारी आणते’मध्ये.

घरी येऊन तिने यादी उघडली आणि तेवीसशे सोळा शोधला. गोपीनाथ डोंगरदिवे. पुरुष. मृत. खाली काही नाही.

तिने पुन्हा शोधलं. सिंधू शेजारी बसून चहा पीत होती. मग वैजयंतीने अठराशे चौऱ्याहत्तर टाकला. भालचंद्र पिंपळापुरे. पुरुष. मृत. एवढंच. ज्या यादीसाठी तिने पाच वर्षं घातली, जिच्यावर भाषणं दिली, त्या यादीत ती स्वतःच नव्हती. नवं कार्ड काढायची तिला अजून गरज पडली नव्हती, नाहीतर त्या खिडकीतल्या पोराने तिलाही माताजी म्हणून वर पोचवलं असतं.

सोमवारी ती शाहपुऱ्याला गेली नाही, बुधवारी गेली, आणि मुदत मागितली. बोकारे म्हणाले, बाई, तुमच्या घरचं रेकॉर्डही आमच्यासारखंच बोलतंय म्हणजे. ते टोचून बोलले नव्हते, पण तिला ते पुढचे काही दिवस टोचत राहिलं. सिंधू म्हणाली, की राहू दे वैजू, एवढं काय. आणि जिना उतरताना तीनदा थांबून तिने श्वास घेतला. वैजयंतीने ते तीन थांबे मोजले. मार्च लागला होता.

घरी येऊन तिने नवीन काही केलं नाही. ऑपरेटर बायांचं जे जुनं काम, तेच केलं: मोजणी. त्या खोलीत शिफ्ट संपली की प्रत्येकीने आपल्या फ्लॉपीच्या लेबलवर पेनने लिहायचं, आज किती ओळी भरल्या. दुसऱ्या दिवशी कुणी म्हणायला नको, की तू काम केलं नाहीस. कर्मचाऱ्यांच्या मुख्य नोंदींच्या फ्लॉप्या पाच. त्या तिने पलंगावर मांडल्या आणि लेबलांवरचे आकडे बेरजेला घेतले. अक्षर काही तिचं, काही सुहासिनीचं, जी त्या खोलीत तिच्या शेजारी बसायची. बेरीज आली बाराशे चार. तिच्या यादीत ओळी होत्या अकराशे सहासष्ट.

अडतीस ओळी कमी.

तिने यादी बंद केली, प्रोग्राम बंद केला आणि अस्सल नक्कल उघडली, जिला पाच वर्षांत हात लावला नव्हता. ओळीखाली ओळ, प्रत्येक ओळ ऐंशी अक्षरांची, कारण एका माणसाच्या नोंदीला ऐंशी रकाने. स्क्रीन खाली ओढत ओढत ती तेवीसशे सोळावर आली. गोपीनाथची ओळ होती. तिच्या खाली आणखी एक ओळ होती. सिंधू गोपीनाथ डोंगरदिवे, स्त्री, भरती अठ्ठ्याऐंशी. आणि ओळीच्या पार शेवटी, ऐंशीव्या रकान्यात, दोनचा आकडा.

वैजयंतीने कपाळावर हात मारला. तो दोन तिनेच टाकला होता.

झालं होतं असं. एका टोकनवर दुसऱ्या माणसाची ओळ भरायला गेलं, की ते जुनं मशिन टूंक करून नाकारायचं. साहेबांना सांगितलं तर ते दिल्लीच्या मुख्य कचेरीला पत्र पाठवणार, दिल्ली सहा महिने घेणार. सुहासिनीने एक दिवस चुकून ऐंशीव्या रकान्यात आकडा टाकला आणि मशिनने ओळ निमूट घेतली. कारण त्या रकान्यात आकडा असला, की मशिन ती ओळ वरच्याचीच उरलेली शेपटी समजायचं. लांबलचक पत्त्यांसाठी ती सोय होती, पण तेवढा लांब पत्ता कुणाचाच निघाला नव्हता. बायांनी ठरवून टाकलं: अनुकंपेवाला आला, की ऐंशीव्यात दोन. दुसरा माणूस. कुठे लिहिलं नाही, कुणाला विचारलं नाही. चार बायांना माहीत होतं, तेवढं पुरे होतं.

आणि मॅन्युअल काय म्हणत होतं? ऐंशीव्या रकान्यात आकडा असल्यास ती पत्त्याची उर्वरित ओळ समजून वगळावी. नव्या सिस्टिमवाल्यांनी मॅन्युअल वाचून वगळली. वैजयंतीनेही मॅन्युअल वाचूनच वगळली होती. स्वतःच्या हाताने भरलेली ओळ तिने स्वतःच्या हाताने फेकली, कारण टाइप केलेल्या कागदापुढे तिला स्वतःची आठवण खरी वाटली नाही. या एका गोष्टीचा राग तिला बोकारेंपेक्षा, सिस्टिमपेक्षा, कारखान्यापेक्षा जास्त आला. पण अस्सल नक्कल शाबूत होती. तिने जर त्या वेळी नीटनेटकेपणाची खाज सुटून फक्त सुधारलेली यादी ठेवली असती, तर सिंधू कायमची मेली असती.

अकरा मार्चला ती शाहपुऱ्याला गेली ती सामान घेऊन. पिशवीत ड्राइव्ह, पाच फ्लॉप्या, लॅपटॉप, गेटपास. सोबत सिंधू आणि रजनी मॅडम. बोकारेंनी त्या दिवशी सिस्टिम बनवणाऱ्या कंपनीचा तंत्रज्ञ बोलावून ठेवला होता, प्रकाश नावाचा. वैजयंतीने सगळं मांडून सांगितलं. प्रकाश हसला. म्हणाला, आंटीजी, ही ओळ तर कुणीही घरी बसून टाइप करू शकतं.

“करू शकतं,” वैजयंती म्हणाली. “म्हणून तर तू तपास. मी हात लावत नाही.”

ती खुर्ची मागे ओढून खरंच हात बांधून बसली. प्रकाशने फ्लॉपी स्वतः उचलली, ड्राइव्हमध्ये घातली, रजनी मॅडमने सांगितलं तशी आज्ञा दिली. ड्राइव्ह खरखरला. ती खरखर ऐकून बाहेरच्या रांगेतली म्हातारी माणसं दारात येऊन उभी राहिली; त्यातल्या दोघांना तो आवाज ओळखीचा होता. पाच मिनिटं गेली. नक्कल उतरली. प्रकाशने तिचा अंगठा काढला, मग आपल्या स्वतःच्या फोनवर पेटाऱ्याची सार्वजनिक यादी उघडली, तारीख सतरा ऑक्टोबर दोन हजार नऊ. दोन्ही आकडे त्याने अक्षर-अक्षर ताडून पाहिले. एकदा, मग पुन्हा एकदा. म्हणजे ती ओळ कुणी बनवली असती, तर हे नवं कार्ड निघायच्या पाच वर्षं आधी, कार्ड निघणार हे कुणालाच ठाऊक नसताना बनवावी लागली असती.

तो बोकारेंना म्हणाला, “सर, ये असली है.” आणि फोन खिशात ठेवत, “गलती हमारी तरफ़ से है.”

बोकारेंनी गेटपास वाचला, कर्णिकांची सही ओळखली. कर्णिकांच्या हाताखाली त्यांनीही दोन वर्षं काढली होती. मग स्क्रीनवरची ओळ वाचली, स्वतःशी पुटपुटत: सिंधू गोपीनाथ डोंगरदिवे, स्त्री. त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, अशा किती आहेत? वैजयंतीने कागद पुढे सरकवला. अडतीस. अकरा विधवा, सत्तावीस मुलगे. अकरा जणींत एक ती स्वतः.

“पिंपळापुरेबाई,” बोकारे म्हणाले, “म्हणजे दहा दिवस एक मेलेली बाई माझ्याशी भांडत होती.”

“आणि जिंकली,” सिंधू म्हणाली. बोकारेंशी ती आपणहून बोललेली ही पहिलीच गोष्ट.

कार्ड चौदा तारखेला हातात आलं. वीस मार्चला ऑपरेशन झालं. सिंधू आज सोनागिरीच्या गल्लीत सकाळी तीन फेऱ्या मारते आणि दर फेरीला वैजयंतीच्या दाराची कडी वाजवून जाते, मुद्दाम. उरलेल्या सदतीस जणांची कार्डं दोन महिन्यांत निघाली. एकजण थेट भिलाईहून आला, बापाच्या नंबरवर तेरा वर्षं काम केलेला, आणि आपलं नाव स्क्रीनवर दिसल्यावर फोटो काढून घेऊन गेला.

वैजयंती तिथे थांबली नाही. तिने आपल्या प्रोग्राममधली चूक पेटाऱ्याच्या कार्यकर्त्यांना ई-मेल लिहून स्वतःच जाहीर केली, नावानिशी, आणि मागणी ठेवली: मॅन्युअल जे वगळायला सांगतं तेही पेटाऱ्याने फेकू नये, बाजूला ठेवून दाखवावं, आणि उचललेल्या ओळी आणि लेबलवरच्या ओळी यांची मोजणी जुळली नाही तर तिथेच अडून बसावं. जर्मनीतल्या एका विद्वानाने लिहिलं, की अधिकृत कागदाच्या बाहेरच्या गोष्टी जपायला लागलो तर कचऱ्याचा डोंगर होईल. तिने उलट लिहिलं, की त्या कचऱ्यात मी आहे. तिचं इंग्रजी मोडकंतोडकं होतं, रजनी मॅडम सुधारून देते म्हणाली, तिने सुधारू दिलं नाही. तीन आठवडे वाद चालला. मग बदल मंजूर झाला. पेटाऱ्याच्या पुढच्या आवृत्तीपासून ही तपासणी आपोआप होते, जगात जिथे जिथे ते सॉफ्टवेअर चालतं तिथे, आणि ती लिहिणाऱ्यांच्या नावांत लिहिलंय: वैजयंती पिंपळापुरे आणि सुहासिनी. सुहासिनी कुठे असते हे कुणालाच माहीत नाही, पण रकाना तिने शोधला होता, तेव्हा नाव तिचंही.

आता तुमच्याकडे एक मागणं आहे, आणि ते टाळू नका. तुम्ही कधी कुठल्या कारखान्यात, कचेरीत, दवाखान्यात, शाळेत नोंदी भरल्या असाल, तर नियमात नसलेली एखादी खूण तुम्हीही मारली असेल; कोपऱ्यातला टिंब, लाल शाईचा आकडा, रिकाम्या रकान्यातलं अक्षर. ती खूण काय होती आणि तिचा अर्थ काय, हे आज, हे वाचून झाल्याबरोबर, एका कागदावर लिहा, खाली नाव आणि तारीख घाला, आणि तो कागद तुमच्या जुन्या ऑफिसातल्या कुणाच्या तरी हातात द्या.